आईवडील भारतातून येताहेत. त्यांना स्कल्प्चर पार्कला न्यावं का, की कंटाळतील?

तुम्ही इंग्लंडात लीड्सला राहता आणि लिहिलंय की ‘त्यांना हेन्री मूर वगैरे काही माहीत नाही’. या वाक्यासाठीच उत्तर लिहितोय. (मूर म्हणजे इथला नावाजलेला शिल्पकार.) आमच्या घरी अगदी हेच बोललं गेलंय, तेही माझ्या वडिलांच्या तोंडावर.

आबा कोल्हापूरचे. उद्यमनगरात आणि पुढे शिरोलीला फाउंड्रीत मोल्डर म्हणून, म्हणजे धातू ओतायचे साचे करण्यात, जन्म गेला. रिटायर झाल्यावर आमच्याकडे आले, तेव्हा एका रविवारी वेकफिल्डजवळच्या यॉर्कशायर स्कल्प्चर पार्कला, म्हणजे उघड्यावर शिल्पं मांडलेल्या पार्कात, जायचं ठरलं. माझे साडू मँचेस्टरहून आले होते. ते म्हणाले, "आबांना काय दाखवणार तिथं, भोकं पाडलेले गोळे? आम्हालाच कळत नाही." आबा चहा पीत होते, पीत राहिले.

मूरची मोठी ब्राँझची कामं तिथं उतारावरच्या कुरणात आहेत, आजूबाजूला मेंढ्या चरत असतात. साडू लांबूनच फोटो काढून कॅफेकडे गेले. आबा एका शिल्पाला हात मागे बांधून फेरी मारून आले, मग उलट्या बाजूनं दुसरी. मग म्हणाले, "हे एका ओतात न्हाई निघालेलं. तुकडं ओतून जोडल्यात." आणि जोड शोधायला लागले. एका जागी रंगाची किंचित वेगळी रेघ दिसली, तर मला ओढून नेऊन दाखवली. बोटाच्या पेरानं हळूच टकटक केलं. "पोकळ हाय. एवढं जाड भरीव ओतलं तर आकसताना तडकतंय." मग खरा प्रश्न आला: असल्या वाकड्यातिकड्या आकारात कोअर (आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा मातीचा गाभा) बसवला कसा, त्याला चॅपलेट (गाभा जागेवर धरणारे धातूचे टेकू) कुठं लावले, आणि ओतून झाल्यावर आतली माती काढली कशी? मला काय डोंबल माहीत! मी इन्शुरन्समध्ये आहे.

मी आपलं सांगितलं की हा मूर इथलाच, जवळच्या कॅसलफर्डचा, 1898 चा जन्म, बाप कोळशाच्या खाणीत कामाला. आबा म्हणाले, "मग तरीच." त्यात काय ‘तरीच’ होतं ते मी विचारलं नाही.

पुढे बार्बरा हेपवर्थ या शिल्पकार बाईंची ‘फॅमिली ऑफ मॅन’ आहे, 1970 ची. नऊ उभ्या आकृत्या, ठोकळ्यावर ठोकळे रचल्यासारख्या. यात पूर्वज आहेत, आईबाप आहेत, नवरा-नवरी आहेत. त्या टेकडीवर वेशीवरच्या वीरगळांसारख्या उभ्या आहेत. नवरी कुठली, यावर आबांची आणि माझ्या मुलीची चांगलीच जुंपली.

सगळंच आवडलं असं नाही. जुन्या हरणांच्या निवाऱ्यात जेम्स टरेल या कलाकारानं 2006 मध्ये एक खोली केलीय, छताला चौकोनी भोक, खाली बसून आभाळ बघायचं. आबा म्हणाले, "आभाळ बघायला छप्पर कशाला बांधायचं?" मला ती जागा फार आवडते, पण यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परतताना साडूंनी गाडीत काढलंच: "यापेक्षा आपल्या कणेरी मठाचं म्युझियम बरं, तिथं कुंभार कुंभारासारखा तरी दिसतो." मीही कोल्हापूरचाच, कणेरीला चार पाहुण्यांना मीच नेलंय. सिमेंटचे बलुतेदार झकास केलेत. पण तिथं ‘हा लोहार, हा सुतार’ असं ओळखलं की माणूस पुढे सरकतो. इथं ओळखायला काही नाही, म्हणून भोवती फिरावं लागतं. शिल्प ही उघड्यावरची कला आहे असं मूरचं मत होतं, ते याचसाठी असावं. चार पावलं सरकलं की त्याच भोकातून वेगळंच झाड दिसतं. ‘कळत नाही’ म्हणणारे बहुतेक लोक एका जागी उभे राहून म्हणतात. साडूंचं तर कॅफेत बसून चाललं होतं.

तर न्या. तुमचे वडील आयुष्यभर काय करत होते ते तुम्ही लिहिलेलं नाही. शेती असो, शिवणकाम असो, गवंडीकाम असो, हातानं काम केलेला माणूस वस्तू बघताना ती केली कशी हे आधी बघतो. पाटी वाचून दाखवायची घाई करू नका.

पण जंगलातली स्कल्प्चर ट्रेल (शिल्पं बघत चालायची पायवाट) आणि हे पार्क एकच समजू नका. लेक डिस्ट्रिक्टमधलं ग्राइझडेल किंवा ग्लॉस्टरशायरमधलं फॉरेस्ट ऑफ डीन इथं बरीच कामं लाकडाची, जंगलातच ठेवलेली. ती कुजतात, काढून टाकतात. फॉरेस्ट ऑफ डीनमधली प्रसिद्ध अवाढव्य लाकडी खुर्ची 2015 मध्ये उतरवली, जुने फोटो बघून लोक अजून शोधतात. त्यामुळे ताजा नकाशा बघूनच निघा. शिवाय तिथं चालणं जास्त, बघणं कमी. पहिल्यांदा पार्कच.

हो, गुडघ्यांचं राहिलंच. पार्क 500 एकर आहे, चढउतार आहेत, पाऊस झाला की गवतात पाय रुततो. आईंना त्रास असेल तर मूर आणि हेपवर्थ बघा आणि परत फिरा, सगळं पुरं करायच्या मागे लागू नका. पूर्वी फक्त पार्किंगचे पैसे पडायचे, आता तिकीट आहे. आणि रविवार टाळता आला तर टाळा, कॅफेत जागा मिळत नाही. साडूंना मिळाली होती, पण ते सकाळपासून तिथंच होते.