वाचकांचे प्रश्न: कपाटातला कॅमेरा पुन्हा चालवताना

हातात फोन असतानाही घरातला जुना फिल्म कॅमेरा पुन्हा चालवू पाहणाऱ्या हौशी वाचकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. असा कॅमेरा शोकेसमध्ये ठेवू नये, वापरात ठेवावा, असं आम्हाला मनापासून वाटतं. पडून राहिलेल्या कॅमेऱ्यातलं तेल घट्ट होतं, भिंगांवर बुरशी चढते, आणि मग तो खरोखरच शोभेपुरता उरतो.

वडिलांचा याशिका मॅट-१२४जी बरीच वर्षं कपाटात होता. क्रँक फिरते, शटरचा आवाजही येतो. लगेच रोल घालू का? (चिपळूण)

थोडं थांबा. शटरचा आवाज येतो म्हणजे वेग बरोबर आहे असं नाही. हा दोन लेन्सचा कॅमेरा आहे: वरची बघण्यासाठी, खालची फोटोसाठी. शटर खालच्या लेन्समध्ये आहे आणि त्याची पाती समोरून दिसतात. ॲपर्चर (लेन्समधलं लहान-मोठं होणारं भोक) पूर्ण उघडा, कॅमेरा खिडकीच्या उजेडात ठेवा आणि फोनवर सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शटरचं चित्रण करा. मग पाती उघडी असलेल्या फ्रेम मोजा. १/८ सेकंदाला ३०, १/३० ला ८, १/६० ला ४ फ्रेम यायला हव्यात. १/२५० आणि १/५०० साठी ही पद्धत कामाची नाही, कारण तेवढ्या वेळात फोनची जेमतेम एक फ्रेम होते.

बिघाड बहुतेक वेळा संथ वेगांत सापडतो. हे वेग बारीक दातेरी चाकांच्या एका मालिकेवर चालतात आणि तिथलं जुनं तेल चिकट झालेलं असतं. १/३० ला ८ ऐवजी १६ फ्रेम आल्या तर एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश पडतोय. निगेटिव्ह फिल्म तेवढा सहन करते. पण १ सेकंदावर पाती मध्येच अडकत असतील, तर कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडेच द्या. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंबही आत सोडू नका. ते पात्यांवर पसरतं आणि पाती एकमेकांना चिकटून बसतात. सेल्फ टायमरला हात लावू नका. जुन्या कॅमेऱ्यात तो अर्ध्यावर अडकला की शटरही अडकतं.

वरच्या लेन्सवर बुरशी असेल तर फोटोला काही होत नाही. ती फक्त बघण्यासाठी आहे. खालची लेन्स मात्र मागचं झाकण उघडून, 'बी' वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं) शटर धरून, टॉर्चच्या उजेडात तपासा. हुडखालचा आरसा कापडाने पुसू नका. त्याचा चांदीसारखा थर काचेच्या वरच्या बाजूला असतो आणि पुसताना निघून येतो. हवेच्या पंपाने धूळ उडवली की पुरे.

आता सेल. उजेड मोजणाऱ्या या मीटरसाठी १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा पीएक्स६२५ सेल होता, तो आता बनत नाही. त्याच मापाचा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा असतो. तो घातला की मीटर आहे त्यापेक्षा जास्त प्रकाश दाखवतो आणि तुमची निगेटिव्ह पातळ येते. शिवाय वापरत जाल तसं त्याचं व्होल्टेज उतरतं, म्हणजे चूकही रोज बदलते. श्रवणयंत्रात घालतात तो ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल घ्या. तो १.४ व्होल्टचा असतो आणि जवळजवळ शेवटपर्यंत तेवढाच राहतो. आकाराने लहान असल्याने भोवती रबरी कडं घाला. तरीही सैल वाटला तर ॲल्युमिनियम फॉइलची घडी ठेवा. वरची चिकटपट्टी काढून पाच मिनिटं हवा लागू द्या, मगच आत बसवा. पट्टी काढल्यापासून तो एक-दोन महिने टिकतो, वापरा अगर न वापरा.

रोल भरताना मागची दाबपट्टी बघा. ती १२० आणि २२० या दोन प्रकारच्या रोलसाठी दोन जागांवर सरकते, तुम्हाला १२० हवी. फिल्मच्या पाठीच्या कागदावरचे बाण कॅमेऱ्यातल्या खुणांसमोर आले की झाकण लावा आणि क्रँक अडेपर्यंत फिरवा. स्पूलवर कागद सैल गुंडाळला गेला तर कडेने उजेड शिरतो, म्हणून सुरुवातीपासून अंगठ्याने हलका ताण ठेवा.

आग्फा क्लिक-३ मध्ये आजचा रोल चालेल का? (वेंगुर्ला)

चालेल. त्याला १२० चाच रोल लागतो आणि तो आजही बनतो. ६ बाय ६ सेंटिमीटरचे १२ फोटो येतात. बडोद्याला बनलेला हा कॅमेरा त्या काळच्या मंद फिल्मसाठी होता. शटरचा वेग एकच, सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास. त्यामुळे भर उन्हात ४०० आयएसओची (जास्त संवेदनशील) फिल्म घातली तर निगेटिव्ह काळीकुट्ट होते. १०० किंवा त्याहून कमी घ्या. ४०० ची फिल्म ढगाळ दिवसासाठी ठेवा. मागच्या लाल खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा आणि आकडा बघण्यापुरती सावलीत उचला. आजची फिल्म लाल उजेडालाही प्रतिसाद देते. शटर दाबताना कॅमेरा घट्ट धरा, या वेगात हात हलला की चित्र हललंच.

पेंटॅक्स के१००० चे सेल सारखे संपतात. सर्किट खराब असेल का? (कोल्हापूर)

बहुधा नाही. १९७६ ते १९९७ या काळात बनलेल्या या कॅमेऱ्याला मीटर बंद करायचं बटणच नाही. लेन्सवर उजेड पडतोय तोवर मीटर चालू राहतो. लेन्सची टोपी लावली की अंधारात मीटरचा विद्युतरोध इतका वाढतो की वीज जवळजवळ वाहतच नाही. टोपी लावायची सवय करा आणि एलआर४४ (अल्कलाइन) ऐवजी एसआर४४ (सिल्व्हर ऑक्साइड) सेल घाला. तो जास्त टिकतो.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते. डब्यात तांदूळ ठेवून उपयोग होतो का? (रत्नागिरी)

तांदळाचा उपयोग फारसा नाही, आणि त्याची बारीक पूड लेन्सच्या रिंगांत शिरते. सिलिका जेल वापरा. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी रुजते. कोकणात जूनपासून चार महिने ती ८० च्या वरच असते. तुम्हाला डब्यात ४० ते ५० टक्के हवी आहे. ३० च्या खाली नेऊ नका, रबर आणि चामडं कडक होतं.

रबरी कडा असलेला, घट्ट झाकणाचा १० लिटरचा डबा, १०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेतही १० लिटरमध्ये जेमतेम ०.३ ग्रॅम पाणी असतं. म्हणजे डब्यातल्या हवेचा प्रश्न मोठा नाहीच. ओल येते ती चामड्याच्या केसमधून, पट्ट्यातून, आणि तुम्ही झाकण उघडता तेव्हा. म्हणून चामड्याची केस डब्यात ठेवू नका. कॅमेऱ्याला बुरशी लागते ती बहुतेक वेळा या केसमधूनच, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. डांबरगोळ्याही नकोत. त्यांची वाफ काचेवर बसते.

नारिंगी जेल ओल शोषून हिरवं झालं की ११०-१२० अंशांवर दोन तास भाजा, ते परत नारिंगी होतं. निळं-गुलाबी होणाऱ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये घालू नका.

लागलेल्या बुरशीबद्दल. काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असेल तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती अमोनिया समसमान घेऊन, कापसाच्या बोळ्याने, मधून कडेकडे हलकं पुसा. द्रव काचेच्या कडेने आत उतरता कामा नये, म्हणून बोळा ओलसर हवा, निथळता नको. आतल्या भिंगांवर असेल तर लेन्स खोलावी लागते आणि ते अनुभवी हाताचं काम आहे. लेन्स दिवसभर उन्हात ठेवण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. पण बुरशी मारणारे अतिनील किरण बहुतांशी पहिल्याच काचा अडवतात, आणि उष्णतेने आतलं वंगण पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर उतरतं. बुरशीच्या आम्लाने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर पुसूनही खूण राहते. तेवढ्यासाठी लेन्स टाकून देऊ नका. समोरून उजेड आला तरच चित्र फिकं पडतं, हुड लावला की निभतं.

उन्हाळ्यात घरी कृष्णधवल रोल धुता येईल का? नळाचं पाणीच ३० अंशांचं असतं. (नाशिक)

येईल. २० अंशांचा हट्ट सोडा, २४ वर काम करा. इल्फर्ड एचपी५ प्लस फिल्मला डी-७६ डेव्हलपर (चित्र उमटवणारं द्रावण) पाण्याने एकास एक पातळ करून २० अंशांना ११ मिनिटं लागतात, २४ ला साधारण पावणेआठ. पाच मिनिटांच्या खाली वेळ आणू नका, डाग पडतात. डेव्हलपर, स्टॉप (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), हायपो (चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि धुण्याचं पाणी यांच्या बाटल्या एकाच परातीत, बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. सगळ्यांचं तापमान दोन-तीन अंशांच्या आत असू द्या. थंड डेव्हलपरनंतर एकदम कोमट पाणी लागलं तर फिल्मच्या थराला बारीक सुरकुत्या पडतात, आणि त्या परत जात नाहीत.

डी-७६ घरी बनवणं स्वस्त पडतं. सुमारे ५० अंशांच्या ७५० मिलिलिटर पाण्यात आधी चिमूटभर सल्फाइट टाका, मग मेटॉल २ ग्रॅम, मग निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. एकेक पूर्ण विरघळल्यावरच पुढचं घाला आणि शेवटी पाणी घालून १ लिटर करा. सगळं सल्फाइट आधी घातलं तर मेटॉल नीट विरघळत नाही. चिमूटभर मात्र लागतं, नाहीतर मेटॉल हवेने करपतं. दुकानदाराने सल्फाइटऐवजी सल्फेट दिलंय का, हे पुडीवर वाचून घ्या. या एका अक्षराने पूर्ण रोल जातो. मेटॉलने काहींच्या हाताला खाज येऊन पुरळ उठतं, म्हणून हातमोजे घाला. गच्च भरलेल्या तपकिरी बाटलीत हे द्रावण सहा महिने टिकतं, अर्धी रिकामी असेल तर महिना-दोन महिने.

टँकमध्ये ३५ मिलिमीटरच्या रोलला ३०० मिलिलिटर, १२० ला ५०० मिलिलिटर द्रावण हवं. दर मिनिटाच्या सुरुवातीला चार वेळा उलटंसुलटं करा आणि टँक ओट्यावर हलकेच आपटा, बुडबुडे सुटतात. हायपो जुना झालाय का, हे रोलच्या तोंडाचा तुकडा त्यात टाकून बघा. तो पूर्ण पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल, त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवा.

पाण्याची टंचाई असेल तर वाहत्या नळाखाली धुवायची गरज नाही. हायपोत तुरटीसारखं थर कडक करणारं काही नसेल, तर टँक भरून ५ वेळा उलटा आणि पाणी ओता, पुन्हा भरून १० वेळा, तिसऱ्यांदा २० वेळा. तीन टँक पाण्यात काम होतं. बोअरचं पाणी असेल तर शेवटचं बुडवणं डिस्टिल्ड पाण्यात करा, नाहीतर क्षारांचे पांढरे ठिपके वाळतात.

धुतलेला रोल पूर्ण कोरा निघाला. चूक कॅमेऱ्याची की धुण्याची? (सोलापूर)

रोलच्या कडेला बघा. तिथे कंपनीचं नाव आणि आकडे दिसत असतील तर धुणं बरोबर झालंय. एकतर फिल्म पुढे सरकलीच नाही किंवा शटर उघडलं नाही. कडाही कोऱ्या असतील तर डेव्हलपर मेलेला होता, किंवा हायपो आधी पडला. फिल्म सरकतेय का, हे कळायला भरल्यावर रिवाइंडचा नॉब हलकाच फिरवून ढिलाई काढा. पुढे लिव्हर ओढताना तो नॉब उलटा फिरला पाहिजे.

निगेटिव्हवर एकाच बाजूला काळे पट्टे येत असतील तर झाकणाच्या खाचेतला स्पंज सडलाय. १५-२० वर्षांत त्याचं काळं चिकट लोणी होतं. लाकडी काडीने खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि दीड ते दोन मिलिमीटरचा काळा चिकट फोम लावा. खरवडताना शटरच्या पडद्यावर कागद धरा. तो डांबरासारखा कण पडद्यावर पडला तर शटर अडकतं.

झेनिटची हेलिओस लेन्स मिररलेस कॅमेऱ्यावर बसेल का? जुना फ्लॅशही आहे. (पुणे)

लेन्स बसेल. ५८ मिलिमीटरच्या हेलिओस ४४-२ ला एम४२ आटे आहेत. आट्यांपासून फिल्मपर्यंत ४५.४६ मिलिमीटर अंतर लागतं. सोनीच्या ई प्रकारच्या मिररलेस कॅमेऱ्यांत ते १८ आहे, त्यामुळे साध्या रिकाम्या ॲडॉप्टरने उरलेलं अंतर भरून निघतं. निकॉनच्या आरसेवाल्या डिजिटल कॅमेऱ्यात मात्र ४६.५ असल्याने दूरचं फोकस होत नाही. मेनूत 'लेन्सशिवाय शटर' चालू करा.

फ्लॅश तसाच लावू नका. काही जुन्या फ्लॅशच्या पायावर २०० व्होल्टहून जास्त दाब असतो आणि डिजिटल कॅमेऱ्याचं सर्किट त्याने जळतं. फ्लॅश पूर्ण चार्ज करून, मधला बिंदू आणि बाजूची पट्टी यांत मल्टिमीटरने मोजा. तुमच्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतल्या मर्यादेपेक्षा आकडा मोठा आला तर तो यांत्रिक शटरच्या जुन्या कॅमेऱ्यावरच वापरा.

आजोबांच्या कॅमेऱ्यात काढलेला पण न धुतलेला रोल सापडला. काही निघेल का? (ठाणे)

झाकण उघडू नका. आधी रिवाइंड करा, आणि नॉब जड लागला तर जोर न लावता पूर्ण अंधारात बाहेर काढा. वर्षानुवर्षं ओलीत राहिलेली फिल्म ओढली की तुटते. डब्यावर सी-४१ (रंगीत निगेटिव्ह धुण्याची प्रक्रिया) लिहिलं असेल तर रंगीत धुता येतो, पण रंग उतरलेले असतील. त्यापेक्षा कृष्णधवल धुतला तर चेहरे ओळखू येण्याची शक्यता जास्त. डब्यावर कोडाक्रोम (एक जुनी रंगीत स्लाइड फिल्म) असेल तर कृष्णधवलशिवाय दुसरा पर्यायच नाही. त्याची के-१४ प्रक्रिया करणाऱ्या अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या शेवटच्या प्रयोगशाळेने २०१० च्या अखेरीस रोल घेणं थांबवलं. जो कोणी धुणार असेल त्याला रोल किती जुना आहे ते सांगा, आणि आधी तोंडाकडचा छोटा तुकडा कापून वेळ ठरवायला लावा.