मुलगी दहावीत आहे. सुट्टीत तिला एमएस-सीआयटी लावू का? कंप्युटर येण्याचा शाळेत आणि नोकरीत खरंच उपयोग होतो का, की नुसता सर्टिफिकेटचा धंदा आहे?

मी एका माध्यमिक शाळेच्या ऑफिसात लिपिक आहे, त्यामुळे जे रोज बघतो त्यावरून सांगतो.

लावा, पण सर्टिफिकेट आणि काम येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे धरून लावा. एमएस-सीआयटी २००१ पासून चालू आहे आणि राज्य सरकारच्या बऱ्याच पदांना ती किंवा तिच्या तोडीची परीक्षा लागते. तेव्हा कागद वाया जात नाही. पण तो फाइलला लागला की पुढे सगळं हातावर असतं.

हातावर म्हणजे काय, तर आधी मराठी टायपिंग. आमच्याकडे अकरावीची मुलं येतात, मोबाइलवर अंगठे विजेसारखे चालतात, आणि कीबोर्डसमोर बसवलं की एका बोटाने 'क' शोधत बसतात. मुलीला इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शिकवा. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, त्यामुळे बोटं लवकर बसतात, आणि अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसतील अशी, उमटतात. जुन्या ऑफिसांत अजून कृतिदेव हा जुना फॉन्ट दिसतो. त्यात पडद्यावर 'क' दिसला तरी आत साठवलेला असतो इंग्रजी 'डी'. फाइल दुसऱ्या मशीनवर गेली आणि तिथे तो फॉन्ट नसला की सगळा कचरा! शिवाय त्यात नाव धड शोधता येत नाही, यादी अकारविल्हे लावता येत नाही. लिपिक-टंकलेखक व्हायचं असेल तर मराठीचा मिनिटाला ३० किंवा इंग्रजीचा ४० शब्दांचा वेग लागतो, तो दोन महिन्यांच्या घाईत येत नाही.

दुसरं एक्सेल. इथे खरी गंमत आहे. शिष्यवृत्तीच्या यादीत विद्यार्थ्यांचे खातेक्रमांक भरायचे असतात. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच धरून ठेवतं, पुढच्या अंकांचं शून्य करून टाकतं. काही बँकांचे खातेक्रमांक १६ अंकी असतात. तिथे शेवटचा अंक गुपचूप बदलतो आणि पैसे अडकतात. क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर ते शून्यही उडतं. उपाय साधा आहे, भरण्याआधी तो रकाना 'टेक्स्ट' करून ठेवायचा. नंतर केलं तर गेलेला अंक परत येत नाही. पदवी झालेल्या माणसांनाही हे माहीत नसतं, आणि ज्याला माहीत असतं त्याच्याकडे अख्खं ऑफिस येतं. (त्याचा तोटाही आहे, सगळ्यांची कामं आपल्याच गळ्यात.)

पॉवरपॉइंट वगैरे चार दिवसांत येतं, त्याची काळजी नको. कोडिंगचे महागडे क्लास आत्ताच नकोत, आवड दिसली तर बघू.

क्लास ठरवताना एकच चौकशी करा: प्रत्येकाला स्वतंत्र मशीन मिळतं का? एका मशीनवर दोघांना बसवत असतील तर एकजण शिकतो आणि दुसरा बघतो. असा क्लास घराजवळ असला तरी घेऊ नका.