क्लासला पंचेचाळीस हजार भरण्याआधी

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बीएस्सी आयटी झालास, कुडाळला घरी राहून पुण्याच्या एका छोट्या कंपनीचं जावा प्रोग्रॅमिंगचं काम दोन वर्षं करतोयस, आणि एक क्लासवाला पंचेचाळीस हजारांत क्लाउडची (इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरची) तीन सर्टिफिकेशन 'हमखास' मिळवून देतो म्हणतोय. घ्यावं का, आणि पगार वाढेल का? वयाने लहान आहेस म्हणून अरेतुरे करतो.

क्लास लावू नकोस. सर्टिफिकेशन घे, पण एकच घे, आणि कुठलं घ्यायचं ते मागणारा कोण आहे हे बघून ठरव.

क्लाउड पुरवणाऱ्या अ‍ॅमेझॉन किंवा मायक्रोसॉफ्टच्या भागीदार कंपन्यांना वरची श्रेणी मिळवायला आणि टिकवायला सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात. काही टेंडरमध्येही तशी अट असते. अशा सर्व्हिस कंपनीत तुझ्या सर्टिफिकेटला खरंच किंमत आहे, आणि परीक्षेची फीसुद्धा पुष्कळदा कंपनीच देते. स्वतःचं प्रॉडक्ट बनवणाऱ्या कंपन्या मात्र तुझा कोड बघतात. तिथे जायचं असेल तर हा खर्च नंतर केलास तरी चालेल.

आणखी एक कारण आहे आणि मी ते हलकं मानत नाही. आपल्या कोकणातल्या कॉलेजांची नावं मुंबई-पुण्याच्या एचआरने बहुधा ऐकलेली नसतात, आत कुणी ओळखीचं नसतं. अशा वेळी सर्टिफिकेटमुळे निदान अर्ज उघडला जातो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या चांगल्या मुलांचे अर्ज न वाचताच बाजूला पडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण मुलाखतीत बसल्यावर काय होतं ते सांगतो, कारण मी समोरच्या खुर्चीत असतो. माझा एक नेहमीचा प्रश्न आहे: प्रायव्हेट सबनेटमधल्या (नेटवर्कच्या बाहेरून थेट न पोचता येणाऱ्या भागातल्या) सर्व्हरवरून पॅकेज डाउनलोड होत नाहीये, कुठे बघशील? पाठ करून आलेला उमेदवार लगेच 'नॅट गेटवे' म्हणतो, म्हणजे आतल्या सर्व्हरला इंटरनेटवर जायचं दार. गेटवे तर आहे, मी सांगतो. मग तो थांबतो. ज्याने हाताने केलंय तो म्हणतो, गेटवे पब्लिक सबनेटमध्ये ठेवलाय का बघतो, मग प्रायव्हेट सबनेटच्या रूट टेबलमध्ये (वाटांच्या यादीत) ०.०.०.०/० ची, म्हणजे बाहेरच्या सगळ्या पत्त्यांची, वाट त्या गेटवेकडे वळवली आहे का ते तपासतो. सिक्युरिटी ग्रुप (सर्व्हरचा पहारेकरी) उत्तराला आपोआप परत येऊ देतो, पण नेटवर्क एसीएलमध्ये (सबनेटच्या पहाऱ्यात) येण्या-जाण्याचे नियम वेगवेगळे लिहावे लागतात, हेही तोच आठवणीने बोलतो. दोघांकडे सर्टिफिकेट एकच असू शकतं. नोकरी दुसऱ्याला मिळते, आणि पगारही त्या बोलण्यावर ठरतो.

म्हणून परीक्षा कशी घेतात ते बघ. अ‍ॅमेझॉनच्या सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट या परीक्षेला १३० मिनिटांत ६५ प्रश्न, पर्याय निवडायचे, १००० पैकी ७२० ला पास. कुबरनेटीसची (अनेक सर्व्हरवर अ‍ॅप्लिकेशन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) सीकेए ही परीक्षा याच्या अगदी उलट: दोन तास टर्मिनलसमोर बसून चालत्या क्लस्टरमधली (सर्व्हरच्या गटातली) कामं करायची, अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडायला परवानगी, ६६ टक्क्यांना पास. लिनक्सवाल्या रेड हॅट कंपनीची आरएचसीएसएसुद्धा हाताने करायची परीक्षा. या दोन्हींचं वजन माझ्या मते जास्त आहे, कारण पाठांतरावर त्या निघत नाहीत.

तुला आज सोल्युशन्स आर्किटेक्टच बरं पडेल. फी १५० डॉलर अधिक कर. अभ्यासक्रम अ‍ॅमेझॉनच्या साइटवर फुकट वाचता येतो. क्लासवाल्याचं 'हमखास' म्हणजे बहुतेक वेळा चोरलेले प्रश्न, ज्यांना डंप म्हणतात. ते वापरताना सापडलास तर सर्टिफिकेट रद्द होतं आणि पुढच्या परीक्षाही बंद होऊ शकतात. स्वतःचं एक छोटं अ‍ॅप्लिकेशन उभं कर. देवगडच्या एखाद्या बागायतदाराचं पेट्यांचं बुकिंग घे हवं तर: जावाचं बॅकएंड, डेटाबेस प्रायव्हेट सबनेटमध्ये. पहिल्याच दिवशी बिलाचा अलर्ट लाव. नॅट गेटवे नुसता पडून राहिला तरी तासागणिक पैसे लागतात, तेव्हा सराव झाला की लगेच काढून टाक.

मुदतही लक्षात ठेव. अ‍ॅमेझॉनचं ३ वर्षं चालतं, सीकेए २ वर्षं. मायक्रोसॉफ्टच्या असोसिएट पातळीच्या सर्टिफिकेशनचं दरवर्षी ऑनलाइन नूतनीकरण करावं लागतं, तेही फुकट. तीन-तीन घेऊन ठेवलीस तर ती जिवंत ठेवण्यातच वेळ जाईल.

परीक्षा घरून देणार असशील तर नीट ऐक. कॅमेऱ्याने खोलीचे फोटो काढून द्यावे लागतात, टेबल रिकामं लागतं, आणि मध्येच कुणी खोलीत आलं तर परीक्षा थांबवतात. आपल्या घरात हे सांभाळणं कठीण. पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं. शक्यतो सेंटरवर जाऊन दे, नाहीतर दसऱ्यानंतरची तारीख घे, इन्व्हर्टर आणि मोबाइलचं इंटरनेट तयार ठेव. नोंदणीत नाव टाकताना ओळखपत्रावर जसं आहे अगदी तसंच टाक.