स्कॅनर मुलाचा, भाकरी आईची

प्रश्न : मी सोलापुरात घरीच कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते. वय ६१. मुलाने दाराशी स्कॅनर लावून दिला, तेव्हापासून बहुतेक पैसे त्याच्या खात्यात जातात. मुलगा चांगला आहे, मागितले की देतो. पण शेंगदाणे आणायलाही मागावे लागते, याचे वाईट वाटते. पुन्हा रोखीवर जावे का?

उत्तर : ताई, रोखीवर परत जाऊ नका. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून गिऱ्हाइकाच्या खिशातली सुटी नाणी कमी झाली आहेत, आणि दोन भाकऱ्यांसाठी पाचशेची नोट पुढे करणारा माणूस शेवटी शेजारच्या दारी जातो. तुमची अडचण स्कॅनरची नाही. तो ज्या खात्याला जोडला आहे, त्या खात्याची आहे. पहाटे उठून चुलीची धग तुम्ही सोसायची आणि पासबुकात नोंद दुसऱ्याच्या नावावर व्हायची, हे मुलाचे मन कितीही निर्मळ असले तरी बरोबर नाही. आपण मागितले की तो देतो, यातले 'मागितले की' हेच तुम्हाला बोचते आहे आणि ते बोचणे रास्त आहे.

आता कामाचे. तुमचे बँकेत खाते असेलच. पण त्याला मोबाइल क्रमांक कुणाचा जोडला आहे, ते आधी शाखेत जाऊन पाहा. पुष्कळ घरांत आईच्या खात्यालाही मुलाचाच क्रमांक असतो आणि खरी गाठ तिथेच बसलेली असते. तसे असल्यास अर्ज देऊन स्वतःचा क्रमांक नोंदवा. त्याच क्रमांकाचे सिम असलेल्या फोनवर यूपीआय सुरू होते. एटीएम कार्ड नसले, तरी अनेक बँकांत आधारच्या ओटीपीवर पिन ठरवता येतो. एकदा तुमच्या खात्याचा स्कॅनर दाराशी चिकटला की फोन बंद असला तरी पैसे खात्यात जमा होतात. रक्कम मोठ्याने सांगणारा डबा मराठीतही बोलतो, त्यामुळे पिठाच्या हातांनी फोन उघडावा लागत नाही. मात्र त्याचे महिन्याचे भाडे किती, ते घेण्याआधी विचारा.

पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. 'पैसे पाठवतो, पिन टाका' असे कुणी म्हणाले, तर तो चोर समजा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करा.

मुलाशी बोलताना गाऱ्हाणे मांडू नका, आजवरचा हिशेबही काढू नका. गड्ड्याच्या जत्रेआधी चटणीची मागणी वाढते, तेव्हा शेंगदाण्यांची खरेदी मीच बाजारात जाऊन करणार आहे, म्हणून स्कॅनर माझ्या खात्याचा लावून दे, एवढेच सांगा. जुना स्कॅनर तुमच्यासमोर त्यालाच काढायला लावा, आणि नव्यावर पहिला एक रुपया त्याच्याच फोनवरून घ्या.