वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर बसण्याआधी
अरे, उद्या वाचनालयात एमपीएससीचा फॉर्म भरायला बसशील, तर एक नीट ऐक. ब्राउझरची इन्कॉग्निटो, म्हणजे हिस्ट्री न ठेवणारी, विंडो उघडली की सगळं पुसलं जातं असं समजू नकोस. डाउनलोड केलेली फाईल तिथेच राहते. गेल्या महिन्यात मला तिथे कुणाचंतरी ई-आधार सापडलं. त्याचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली ४ इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, ओळखीच्या माणसाला सहज जमेल! ग्रंथपालांना दाखवून मी ते रिसायकल बिनमधूनसुद्धा काढून टाकलं. प्रिंट मिळाली की तूही तेच कर, मग लॉगआउट. बँकेचं काम तिथे नकोच. आणि रजिस्टरवर तुझी सही असताना दुसऱ्याला बसवू नकोस. त्याने भलतंच काही केलं तर विचारणा तुलाच होईल.