स्टॉपचा खटका ओढल्यावर आर्म परत येतो, आपोआप मात्र येत नाही

आपण लिहिले आहे की आपल्या बेल्टवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक रेकॉर्ड प्लेअरवर रेकॉर्ड संपल्यावर आर्म (सुई धरणारा दांडा) उचलला जात नाही, सुई शेवटच्या बंद, म्हणजे गोल, चरात फिरत राहते आणि दर फेऱ्याला थाळीखालून हलकासा ‘टक्’ असा आवाज येतो. मात्र हाताने स्टॉपचा खटका ओढला की तोच आर्म व्यवस्थित उचलला जाऊन आपल्या जागी विसावतो. या दुसऱ्या निरीक्षणामुळे निम्मे काम झाले आहे. आर्म उचलणारी आणि मागे नेणारी यंत्रणा शाबूत आहे, बेल्टमध्येही पुरेसा जोर आहे. बिघाड आहे तो ‘आता परत फिरायचे’ हे त्या यंत्रणेला कळवणाऱ्या भागात. तेव्हा आर्मच्या बुडाशी दिसणाऱ्या स्क्रूला कृपया एवढ्यात हात लावू नका.

थाळी काढल्यावर मधल्या दांड्याशेजारी प्लास्टिकचे एक मोठे दातेरी चक्र दिसेल. त्याच्या कडेला एके ठिकाणी दात नाहीत, आणि रेकॉर्ड वाजत असताना हीच बिनदाती जागा थाळीच्या बुंध्यावरील लहान गिअरसमोर असते, म्हणून थाळी फिरत राहिली तरी चक्र जागचे हलत नाही. चक्रावर एक हलकी पट्टी बसवलेली असते. आर्म जसजसा आत सरकतो तसतशी त्याच्या खालची दांडी या पट्टीला बुंध्याकडे ढकलते आणि बुंध्यावरचा छोटा उंचवटा दर फेऱ्याला तिला मागे लोटतो. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगाला एक फेरा 1.8 सेकंदांत पूर्ण होतो आणि तेवढ्या वेळात, गाणे चालू असताना, आर्म साधारण मिलिमीटरचा दहावा हिस्साच सरकतो. त्यामुळे उंचवट्याची सरशी होते. गाणे संपल्यानंतरच्या शेवटच्या मोकळ्या चरात मात्र आर्म एकाच फेऱ्यात काही मिलिमीटर आत जातो, पट्टी एवढी पुढे येते की उंचवटा तिला बाजूला सारण्याऐवजी तिच्या टोकावर आदळतो, चक्र ढकलले जाते आणि दातांत दात अडकतात. पुढचे सगळे काम, म्हणजे उचलणे, मागे नेणे, ठेवणे आणि मोटर बंद करणे, चक्राच्या एका फेऱ्यात उरकते.

आर्म आत पळतो ते जेमतेम एक-दोन फेरे. ती संधी हुकली की बंद चरात आर्म पुढे सरकतच नाही आणि मग यंत्र रात्रभर ‘टक् टक्’ करत बसले तरी काही होत नाही. आपल्याकडचा आवाज हा उंचवटा पट्टीला घासत असल्याचा आहे: पट्टी पोचते आहे, पण उशिरा आणि अर्धवट. कारण जवळजवळ नेहमी एकच असते. पट्टीच्या खिळीत आणि दांडीच्या सांध्यात कारखान्यात घातलेले ग्रीस इतक्या वर्षांत वाळून मेणासारखे, कधी कधी चक्क डिंकासारखे झालेले असते. गंमत म्हणजे हेच ग्रीस उलटा बिघाडही घडवते. पट्टी पुढे गेली आणि मागे लोटली गेलीच नाही, तर आर्म भर गाण्यात परत फिरतो.

प्लग काढा, सुईवर टोपण बसवा, आर्म त्याच्या आधारावर बांधून ठेवा. बेल्ट मोटरच्या चाकावरून आधी सोडवा आणि मगच थाळी उचला. बऱ्याच मॉडेलांत एवढ्यावरच पट्टी समोर येते, खालचे झाकण उघडावे लागत नाही. चक्र काढायचे असल्यास त्यावरच्या क्लिपवर बोट दाबून धरा, कारण ती उडाली की सहसा सापडत नाही. आणि त्याआधी सगळ्या दांड्यांचे फोटो काढून ठेवा. जाड थर टूथपिकने खरवडावा, उरलेला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने दोन-तीनदा पुसावा. (हीच बाटली मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डजवळ नेऊ नये, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.) सफाई पुरेशी झाली की नाही हे ओळखायची माझी खूण अशी: चक्र हातात उभे धरून तिरके केले की पट्टी स्वतःच्या वजनाने अलगद डोलली पाहिजे. कुठे किंचितही थबकली, तर पुन्हा पुसा.

स्वच्छ झाल्यावर पट्टीला आणि दांडीच्या सांध्याला काहीही लावू नका. पहिल्या दुरुस्तीत मी हौसेने त्या सांध्यात तेलाचा थेंब सोडला होता. तो सांधा मुळात थोड्याशा घर्षणावरच आर्मची हालचाल पुढे पोचवतो. तेलामुळे दांडी नुसती निसटू लागली, आणि आधी दहातून चारदा तरी परतणारा आर्म मुळीच परतेनासा झाला. सगळे पुन्हा उघडून पुसावे लागले. चक्राच्या खालच्या वळणदार खोबणीत प्लास्टिकला चालणाऱ्या ग्रीसचा पातळ हात आणि चक्राच्या खिळीवर हलक्या तेलाचा एक थेंब, इतके पुरे. गंज सोडवण्याचे फवारे येथे वापरूच नयेत.

प्लग लावण्यापूर्वी थाळी हाताने घड्याळाच्या दिशेने फिरवून पाहा. आर्म हाताने अगदी सावकाश आत नेला तर काहीही घडता कामा नये. एका फेऱ्यात चार-पाच मिलिमीटर आत नेला तर चक्राने पकड घेतली पाहिजे. पकड घेतल्यावर आर्म सोडून द्या, त्याला अडवू नका, आणि थाळी उलटी फिरवू नका.

वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे ड्युअल कंपनीचा 1219 किंवा 1229 हा रेकॉर्ड प्लेअर असेल आणि आर्म उचलला जाऊनही आडवा सरकत नसेल, तर ते दुखणे वेगळे आहे. तेथे मुख्य दांडीच्या टोकावरची रबरासारखी इवलीशी टोपी कालांतराने भुगा होऊन गळून पडते आणि नवी बसवावी लागते; नुसत्या सफाईने तो आर्म हलणार नाही.

आपल्या यंत्रात सफाईनंतरही आर्म एखाद्याच रेकॉर्डवर अडत असेल, तर दोष त्या रेकॉर्डचा असू शकतो, कारण शेवटच्या मोकळ्या चराची रुंदी सगळीकडे सारखी नसते. तीन-चार वेगवेगळ्या रेकॉर्डवर तेच घडले, तरच आर्मच्या बुडाशी असलेल्या त्या स्क्रूकडे वळा. त्याची आताची जागा पेन्सिलने खुणावून ठेवा आणि एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नका.