बंपरची चीर पुन्हा पुन्हा का उकलते?

प्रश्न : बंपरला चार इंच चीर पडली आहे. थिनरने पुसून दोनदा इन्स्टंट ग्लू लावला, दोन्ही वेळा उकलला. काय चुकतंय?

उत्तर : बंपरच्या आतल्या बाजूला ‘पीपी’ (पॉलिप्रॉपिलीन) किंवा ‘पीपी+ईपीडीएम’ (त्यात रबर मिसळलेलं) असा शिक्का शोधा. बहुतेक बंपर याच प्लास्टिकचे असतात. त्यावर नुसता इन्स्टंट ग्लू धरत नाही. शिवाय तो सुकून कडक होतो, बंपर लवचीक, म्हणून पहिल्याच धक्क्याला सुटतो. थिनरही नको, तो प्लास्टिकमध्ये मुरतो.

आधी साबणपाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. घासणं त्यानंतरच, नाहीतर गाडीच्या पॉलिशमधलं सिलिकॉन ओरखड्यांत बसतं. चिरेच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा म्हणजे ती पुढे सरकणार नाही. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने हातानेच घासा, मशीनने प्लास्टिक वितळून तंतू सुटतात. अ‍ॅडहिजन प्रमोटरचा (ग्लू नीट धरावा म्हणून लावायच्या प्रायमरचा) पातळ हात मारून सुकू द्या. मग मागून जाळी ठेवून दोन भागांचा पॉलियुरेथेन ग्लू भरा. पीपीची कांडी वितळवून प्लास्टिक वेल्डिंग करून मिळालं तर आम्ही तेच सुचवू.

ग्रिलवर ‘एबीएस’ (वेगळं, कडक प्लास्टिक) असा शिक्का असेल तर इपॉक्सी चालतो. हेडलाइटच्या काचेला मात्र थिनर किंवा अ‍ॅसिटोन अजिबात लावू नका. ती पॉलिकार्बोनेटची असते, बारीक तडे जातात.